‘मारलाय’ की ‘मारालाय’: भाषेचा पुरावा कोणत्या कसोटीवर घासावा

प्रश्न: कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात नुकतीच वकिली सुरू केलेल्या एका तरुण वकिलांनी विचारले आहे की, मारहाणीच्या एका खटल्यात त्यांच्या अशिलाविरुद्ध तीन पुरावे भाषेचे आहेत. पहिला, घटनेच्या सुमारास कोणीतरी पाठवलेला चाळीसेक सेकंदांचा व्हॉट्सअॅपवरील ध्वनिसंदेश. दुसरा, धमकीचे एक निनावी पत्र, जे ‘भाषाशैलीवरून’ या अशिलानेच लिहिल्याचा अभिप्राय एका निवृत्त भाषाशिक्षकांनी दिला आहे. तिसरा, केवळ मराठी बोलणाऱ्या एका साक्षीदाराचा पोलिसांनी कन्नडमध्ये नोंदवलेला जबाब. अशा पुराव्याला काही शास्त्रीय निकष असतात का, आणि ते न्यायालयापुढे कसे मांडावेत?

उत्तर:

मी अनेक वर्षे भाषाविज्ञान शिकवले आणि त्यासोबत बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागांतल्या मराठी-कन्नड कागदपत्रांवर आणि ध्वनिमुद्रणांवर मत देण्याचे काम केले. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट अशी सांगतो की, तुमच्या तीन पुराव्यांत दोन अगदी निराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. एक प्रश्न अर्थाचा आहे: जे बोलले गेले ते काय होते आणि या भागात त्याचा अर्थ काय होतो? दुसरा प्रश्न ओळखीचा आहे: हे कोण बोलले, कोणी लिहिले? पहिल्या प्रश्नाला भाषाविज्ञान पुष्कळदा ठाम उत्तर देऊ शकते. दुसऱ्याला ते क्वचितच ठाम उत्तर देते, आणि दिले तरी ते शक्यतांच्या प्रमाणाच्या स्वरूपात देते. कायद्यातही या दोन प्रश्नांच्या वाटा वेगळ्या आहेत, म्हणून युक्तिवादातही ते वेगळे ठेवा.

आधी ध्वनिसंदेश घेऊ. तुम्ही पाठवलेल्या टंकलिखित प्रतीत ‘तो त्याला मारलाय’ असे वाक्य आहे आणि त्याखालच्या इंग्रजी भाषांतरात ‘त्याने त्याला मारले आहे’ असा अर्थ दिला आहे. मला ही प्रत तयार करणाऱ्याच्या कानाविषयी शंका आहे. आपल्याकडे ‘मारायला लागला आहे’ याचे बोलीतले रूप ‘मारालाय’ असे होते, ‘काय करालास?’, ‘कुठं जालास?’, ‘ती बोलालीय’ ही रूपे बेळगावच्या कोणत्याही गल्लीत दिवसभर ऐकू येतात. म्हणजे ‘मारलाय’ ही झालेली गोष्ट आणि ‘मारालाय’ ही डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट, आणि दोहोंत फरक केवळ ‘र’च्या कान्याएवढा. ‘तो त्याला मारालाय’ असे बोलणारा माणूस घटना घडत असताना तिथे उभा आहे. ‘मारलाय’ म्हणणारा कदाचित दुसऱ्याकडून ऐकून सांगत असेल. बोलणारा प्रत्यक्षदर्शी आहे की नाही, हा प्रश्न त्या एका स्वरावर येऊन थांबतो.

व्याकरणही इथे मदतीला येते. प्रमाण मराठीत ‘त्याने त्याला मारलंय’ अशी रचना होते, म्हणजे कर्त्याला ‘ने’ लागतो; चालू क्रिया सांगताना मात्र कर्ता ‘तो’ असाच राहतो. मुद्रणात कर्ता ‘तो’ आहे. म्हणून क्रियापद ‘मारालाय’ असावे, या बाजूला थोडे वजन पडते. मी ‘थोडे’ हा शब्द जाणूनबुजून वापरतो, कारण सीमाभागातल्या बोलीत भूतकाळी रचनेतही ‘ने’ गळून पडताना ऐकू येतो, आणि पुण्याच्या व्याकरणाच्या नियमावरून खानापूरच्या बोलण्याचा निकाल लावता येत नाही. निर्णायक पुरावा मुद्रणातल्या स्वराच्या लांबीचाच. ती मोजता येते: त्याच बोलणाऱ्याने त्याच संदेशात उच्चारलेले इतर ‘आ’ आणि ‘अ’ किती मिलिसेकंदांचे आहेत ते पाहायचे आणि वादातला स्वर कोणत्या गटात बसतो ते सांगायचे. हे मोजमाप दुसऱ्या तज्ज्ञाला तेच मुद्रण घेऊन पुन्हा करता येते, आणि पुन्हा करता येणे हाच शास्त्रीयतेचा पहिला निकष आहे.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे, उत्तर कर्नाटकातल्या कन्नड बोलीत हीच क्रिया ‘होड्याकत्तान’ अशी सांगतात. त्यातले ‘हत्तु’ हे सहायक क्रियापद आपल्या ‘लागणे’शी हुबेहूब जुळते. शेकडो वर्षे शेजारी राहिलेल्या भाषांनी एकमेकींच्या रचना अशा उचलल्या आहेत, आणि त्यामुळेच केवळ प्रमाण मराठीवर पोसलेला कान इथे चुकतो.

आता कायदा पाहू. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. जुन्या कायद्याच्या कलम ४९ मध्ये, आणि नव्याच्या कलम ४३ मध्ये, विशिष्ट जिल्ह्यात किंवा विशिष्ट वर्गातल्या लोकांत वापरल्या जाणाऱ्या शब्दांच्या अर्थाविषयी, ज्यांना ते जाणून घेण्याची विशेष साधने आहेत अशा व्यक्तींचे मत संबद्ध मानले आहे. या तरतुदीचा आपल्या भागात जितका उपयोग व्हायला हवा तितका होत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. ‘मारालाय’ याचा अर्थ सांगायला विद्यापीठाची पदवी लागत नाही. त्याच गावात जन्म काढलेली, दोन्ही रूपे रोज वापरणारी व्यक्ती या कलमाखाली साक्ष देऊ शकते. तज्ज्ञाचे काम एवढेच, की ते रूप त्या भागात खरोखर आणि सर्रास वापरले जाते हे नमुन्यांसह दाखवणे आणि मुद्रणात कोणता स्वर आहे ते मोजून सांगणे.

मुद्रण ऐकताना एक पथ्य पाळलेच पाहिजे: अस्पष्ट आवाज लिखित प्रत समोर ठेवून ऐकू नये. ऑस्ट्रेलियातल्या ध्वनिशास्त्रज्ञ हेलन फ्रेझर यांनी अनेक वर्षे दाखवून दिले आहे की, अस्पष्ट मुद्रणासोबत एखादे वाक्य सुचवले की ऐकणाऱ्याला तेच वाक्य ऐकू येऊ लागते, आणि नंतर ते खोटे ठरले तरी कान सहजासहजी मागे फिरत नाही. न्यायाधीशांनाही कान असतात. म्हणून पोलिसांची प्रत आधी वाचून दाखवून मग मुद्रण वाजवण्यास हरकत घ्या आणि दोन स्वतंत्र व्यक्तींकडून, एकमेकींशी चर्चा न करता, नव्याने प्रत करून मागा. त्या दोन प्रती जिथे जुळत नाहीत तिथे खूण करायची आणि ती जागा ‘अनिश्चित’ म्हणूनच सोडायची. आणि हे सगळे मूळ फाइलवर व्हायला हवे. एका फोनवरून दुसऱ्यावर ढकललेली आणि स्पीकरवर वाजवून पुन्हा मुद्रित केलेली प्रत मोजमापाच्या लायकीची राहत नाही. नव्या अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्राला ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग आहेत. त्यांपैकी दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात फाइलचे हॅशमूल्यही, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा आकडे-अक्षरांचा ठसा, नोंदवावे लागते. तुमच्या कागदपत्रांत हे आहे का, ते पहिल्यांदा तपासा.

बोलणारा कोण, या प्रश्नावर थोडक्यात सांगतो. १९६२ साली लॉरेन्स केर्स्टा यांनी आवाजाच्या आलेखाला ‘व्हॉइसप्रिंट’ हे नाव देऊन तो बोटांच्या ठशासारखा असल्याचा समज पसरवला. १९७९ साली अमेरिकेच्या नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालाने त्याबाबत सावधगिरीचा इशारा दिला. ठसा बदलत नाही, आवाज मात्र सर्दीने, ओरडण्याने, घाबरण्याने आणि फोनच्या गुणवत्तेने बदलतो. साध्या दूरध्वनीवरून तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या रितेश सिन्हा निकालानंतर दंडाधिकारी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश देऊ शकतात आणि आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये तशी स्पष्ट तरतूद आहे. तो आदेश झालाच, तर नमुना मराठीतच आणि वाचून नव्हे तर सहज बोलण्यातून घेतला जावा, असा लेखी आग्रह धरा. कन्नड मजकूर वाचून दाखवलेला शांत आवाज आणि मराठीत ओरडून पाठवलेला संदेश यांची तुलना करून ‘जुळते’ म्हणणारा अहवाल मला पटत नाही.

पत्राचा मुद्दा सगळ्यांत गंभीर आहे, कारण तिथे ‘शैली’ या शब्दाच्या आधारावर माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जात आहे. हा अभिप्राय हस्ताक्षराचा नाही, हे न्यायालयाच्या लक्षात आणून द्या. हस्ताक्षराबद्दल कायद्यात स्वतंत्र तरतूद आहे आणि परिचित व्यक्तीही त्याविषयी सांगू शकते. वाक्यांच्या घडणीवरून लेखक ओळखणे ही दुसरीच विद्या आहे. नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये विज्ञान आणि कलेच्या जोडीला ‘इतर कोणतेही क्षेत्र’ असे शब्द आल्यामुळे अशा मताला दार खुले आहे, परंतु ते दार उघडे असल्यानेच आत येणाऱ्याची झडती कसून घ्यायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जयलाल या निकालात सांगितले आहे की, निष्कर्ष तपासून पाहण्यासाठी लागणारे शास्त्रीय निकष न्यायाधीशांपुढे ठेवणे हे तज्ज्ञाचे कर्तव्य आहे, जेणेकरून न्यायाधीशांना स्वतःचे मत बनवता येईल. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९३ च्या डॉबर्ट निकालातले प्रश्न आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण उलटतपासणीसाठी ते चोख आहेत: ही पद्धत पडताळून पाहता येते का, तिचे इतर अभ्यासकांनी परीक्षण केले आहे का, तिच्या चुकांचे प्रमाण ठाऊक आहे का, आणि त्या क्षेत्रात ती मान्य आहे का.

यातला चुकांच्या प्रमाणाचा प्रश्न मला प्राणासारखा वाटतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमधल्या न्यायालयांत ‘क्युसम’ नावाची पद्धत चालली. वाक्यांची लांबी आणि छोट्या शब्दांची संख्या यांचे आलेख एकमेकांवर ठेवून लेखक ठरवला जाई. आलेख असल्यामुळे ते शास्त्र वाटत होते. पुढे भाषाशास्त्रज्ञांनी आणि संख्याशास्त्रज्ञांनी ती तपासली तेव्हा ती विश्वासार्ह नसल्याचे उघड झाले, पण तोवर काही खटल्यांत ती वापरून झाली होती. चूक किती वेळा होते हे आधी मोजले असते, तर ती न्यायालयाच्या उंबऱ्यापाशीच अडली असती.

तुमच्या शिक्षकांच्या अभिप्रायात अशिलाच्या जुन्या पत्रांशी जुळणाऱ्या तीन लकबी दिल्या आहेत: ‘करालो’, ‘जालो’ अशी क्रियापदे, ‘की’ऐवजी ‘म्हणून’ वापरणे, म्हणजे ‘उद्या येतो म्हणून सांगितला’ अशी वाक्ये, आणि वाक्याच्या शेवटी जोडलेला ‘की’, जसे ‘ये की’, ‘बघ की’. ही यादी मी वाचली तेव्हा मला माझीच एक जुनी चूक आठवली. सुरुवातीच्या काळात दोन निनावी अर्ज एकाच माणसाचे आहेत असे मी जवळजवळ लिहून दिले होते, कारण दोन्हीत वाक्यामागून वाक्य ‘म्हणून’ने बांधलेले होते. सुदैवाने मत देण्यापूर्वी त्याच गावातले इतर लोकांचे अर्ज चाळायला मिळाले, आणि निम्म्याहून अधिक अर्जांत तेच ‘म्हणून’ तसेच बसलेले होते. मी पाहत होतो ती गावाची भाषा होती. तिला मी माणसाची सही समजलो होतो.

शास्त्रात याचे साधे गणित आहे. दोन शक्यता शेजारी ठेवायच्या: पत्र अशिलाने लिहिले असेल तर ही लकब दिसण्याची शक्यता किती, आणि त्याच भागातल्या, त्याच वयाच्या, तेवढ्याच शिकलेल्या दुसऱ्या कोणी लिहिले असेल तर किती? समजा अशिलाच्या दहा पत्रांपैकी नऊ पत्रांत ‘करालो’ सापडते आणि परिसरातल्या शंभर जणांपैकी सत्तर जणांच्या लिहिण्यात तेच सापडते. भागाकार ०.९ भागिले ०.७, म्हणजे सुमारे १.३ येतो; ही लकब जवळपास काहीच सांगत नाही. हेच रूप शंभरात पाच जणांत असते तर भागाकार १८ आला असता आणि पुराव्याला वजन आले असते. अशिलाची पत्रे दोन्ही वेळा तीच असतात, बदलतो तो तुलनेचा पाया. शिक्षकांनी तुलना प्रमाण मराठीशी केली आहे, आणि प्रमाण मराठीपुढे सीमाभागातला प्रत्येक माणूस एकमेवाद्वितीय दिसतो. खानापूर, बेळगाव किंवा सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगड-गडहिंग्लजमधल्या लिखाणाचा एकही नमुना त्यांनी तपासलेला नाही, हे त्यांच्या अहवालातच दिसते. त्यावरच बोट ठेवा.

पत्रातल्या लिंगाच्या रूपांवरून काढलेला निष्कर्षही तितकाच ठिसूळ आहे. ‘मी बघितलो’, ‘मी आलो’, ‘मी जातो’ अशी रूपे आहेत म्हणून लिहिणारा पुरुष, असे त्यात म्हटले आहे. कोल्हापूरपासून बेळगावपर्यंत असंख्य स्त्रिया स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच म्हणतात. इथे वाढलेल्या कोणालाही हे नवे नाही. शाळेत ‘आले’, ‘जाते’ शिकवले जाते आणि घरी ‘आलो’, ‘जातो’ चालते, म्हणून एकाच बाईच्या पत्रात दोन्ही रूपे सापडू शकतात. तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर एका ठिकाणी ‘मी थांबले’ असे आहे आणि अहवालाने ते ‘लेखनदोष’ म्हणून सोडून दिले आहे. ते पत्र स्त्रीने लिहिले, असे मी म्हणत नाही. पण जो पुरावा निष्कर्षाच्या आड येतो तो दोष ठरवून बाजूला टाकणे, हे शास्त्राच्या मुळावर येते.

शिक्षकांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याची गरज नाही. त्यांना फक्त एवढे विचारा की, तुलनेसाठी पत्रे कोणी निवडून दिली, संशयित कोण आहे हे आधी सांगितले होते का, वादातल्या पत्रात एकूण शब्द किती, आणि नावे झाकलेल्या लिखाणावर त्यांनी स्वतःची पद्धत कधी तपासून पाहिली आहे का? मी स्वतः काम करताना नमुन्यांवरची नावे दुसऱ्या कोणाकडून काढून घेतो, प्रत्येकाला क्रमांक देतो, संशयिताच्या नमुन्यांत त्याच गावातल्या सात-आठ इतरांचे नमुने मिसळतो आणि मत लिहून पाकीट बंद केल्यावरच यादी उघडतो. अशी परीक्षा न्यायालयाच्या परवानगीने याही प्रकरणात घेता येईल, आणि तिला खर्च जवळपास नाही.

तिसऱ्या पुराव्याबाबत, म्हणजे कन्नड जबाबाबाबत, ‘मारणे’ या एका शब्दाकडे पुन्हा या. मराठीत ‘मारले’ म्हणजे चोप दिला असाही अर्थ होतो आणि जीव घेतला असाही. कन्नडमध्ये मात्र ‘होडे’ (मारहाण करणे) आणि ‘कोल्लु’ (जीव घेणे) यांपैकी एक निवडावाच लागतो. साक्षीदार ‘मारीन म्हणाला’ एवढेच बोलला असेल आणि लिहिणाऱ्याने ‘कोल्लुत्तेने’ लिहिले असेल, तर ठार मारण्याची धमकी ही भाषांतरात जन्मली आहे. पोलिसांपुढच्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही नसते आणि त्याचा मुख्य उपयोग साक्षीदाराला विसंगती दाखवण्यापुरताच असतो. तेव्हा जी विसंगती दाखवली जाते ती साक्षीदाराच्या दोन बोलण्यांतली आहे, की त्याचे मराठी आणि लिहिणाऱ्याचे कन्नड यांच्यातली आहे, हे प्रत्येक वेळी विचारून घ्या. जबाबात ‘सदरी’ (वर सांगितलेला) यासारखे कचेरीतले शब्द पानोपानी असतील तर तेही दाखवा, शेतावर राबणारा साक्षीदार तसे बोलत नाही. इंग्लंडमधल्या डेरेक बेंटली यांच्या प्रकरणात भाषाशास्त्रज्ञ माल्कम कुल्थार्ड यांनी हेच केले होते. बेंटली यांच्या म्हणून नोंदवलेल्या ५८२ शब्दांच्या जबाबात ‘देन’ (‘मग’) हा इंग्रजी शब्द १० वेळा, म्हणजे सरासरी ५८ शब्दांत एकदा आला होता. साध्या साक्षीदारांच्या जबाबांत तो ९३० शब्दांत एकदा, तर पोलिसांच्या लिखाणात ७८ शब्दांत एकदा येत होता, म्हणजे जबाबाची भाषा पोलिसांच्या लिखाणाशी जुळत होती. बेंटली यांना १९५३ मध्ये फाशी झाली होती आणि १९९८ मध्ये त्यांची शिक्षा रद्द झाली. तो निकाल मुख्यतः न्यायाधीशांनी ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनातील दोषांवर आधारलेला होता, हे सांगितल्याशिवाय हे उदाहरण न्यायालयात वापरू नका.

साक्ष सुरू होईल तेव्हा साक्षीदार मराठीत बोलेल. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७७, आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३१२, असे सांगते की साक्ष न्यायालयाच्या भाषेखेरीज दुसऱ्या भाषेत झाली तर शक्य असल्यास ती त्याच भाषेत उतरवावी, आणि शक्य नसल्यास साक्ष चालू असतानाच तिचे खरे भाषांतर तयार करावे. ‘मारलाय’, ‘मारालाय’ आणि ‘मारीन’ हे तीन शब्द तरी मूळ मराठीत, देवनागरीत, नोंदीत उतरवले जावेत, असा अर्ज साक्षीच्या पहिल्याच दिवशी द्या.

सरकार पक्षाने पत्राची भाषा ‘चंदगडकडची’ असल्याने लिहिणारा महाराष्ट्रातला, असाही एक धागा जोडला आहे. निर्वासितांच्या भाषेवरून त्यांचा देश ठरवण्याच्या कामाविषयी २००४ साली १९ भाषाशास्त्रज्ञांनी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली होती, आणि बोलण्यावरून माणूस कोणत्या भाषिक समाजात वाढला एवढेच सांगता येते, नागरिकत्व नव्हे, हा त्यांचा गाभा आहे. राज्यांची हद्द १९५६ मध्ये आखली गेली. चंदगडची सून खानापुरात नांदते आणि खानापूरचा मुलगा गडहिंग्लजला शिकतो, तेव्हा बोलीही त्यांच्यासोबत ये-जा करते. हा धागा एका वाक्यात तुटेल, त्यावर वेळ घालवू नका.

पुढच्या तारखेला दोनच अर्ज पुरेत: मूळ फोन आणि मूळ फाइल तपासणीसाठी मिळावी, आणि शिक्षकांनी तुलनेसाठी वापरलेली सर्व पत्रे, त्यांनी न वापरलेल्यांसह, हजर करावीत. कलम ४३ खालच्या साक्षीदारासाठी गावातली दोन्ही रूपे बोलणारी, खटल्याशी संबंध नसलेली व्यक्ती आतापासून शोधून ठेवा. शक्यतो एक स्त्री आणि एक पुरुष, म्हणजे ‘मी आलो’चा मुद्दाही त्याच साक्षीत येईल.